बॅटरी अडून बसते तेव्हा

पुणे,
१८ जानेवारी

चि. मृण्मयी हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली नाही. तिथल्या दुकानदाराने नवी टाकायला सांगितलं असलं, तरी हे पत्र वाचून होईपर्यंत पैसे काढू नकोस. काय करायचं ते फोनवर दोन वाक्यांत सांगता आलं असतं, पण तू ‘असं का होतं’ म्हणून विचारलंस, आणि त्याचं उत्तर जरा लांबचं आहे.

तुझ्या निरोपांतच सगळं होतं, फक्त विखुरलेलं. लायब्ररीत बसतेस तेव्हा चार्जिंग व्यवस्थित होतं. कॅफेतली शिफ्ट आटपून रात्री घरी आलीस आणि अडॅप्टर लावलास की ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ येतं. मग झोपायच्या सुमाराला ते आपोआप सुरू होतं. आणि शिफ्टभर लॅपटॉप असतो कुठे, तर मैत्रिणीच्या गाडीच्या डिकीत, बाहेर उणे दहा-बारा असताना! आमच्या टेबलावर ‘चार्ज होत नाही’ म्हणून मशीन आलं की मी आधी स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. विचारतो, कधीच होत नाही की कधीकधी होत नाही? कधीकधी असेल तर नेमकं कधी? गिऱ्हाईक वैतागतं, पण निम्मं निदान तिथेच होतं. तुझं ‘कधीकधी’ थंडीला बांधलेलं आहे.

मशीन चालतंय आणि बॅटरी मात्र भरत नाही, याचं तुला नवल वाटलं. ती सोय मुद्दाम केलेली आहे. लिथियम-आयन सेलमधून वीज काढायला साधारण उणे वीस अंशांपर्यंत मुभा असते, पण भरायला शून्याखाली बंदी. वरची हद्द बहुतेक पॅकना पंचेचाळीसच्या आसपास. सेलांना चिकटवलेला एक छोटा थर्मिस्टर असतो. गारठा वाढला की त्याचा रोध वाढतो. पॅकमधली चिप तो सतत वाचत असते आणि लॅपटॉपच्या बोर्डाला कळवते की सध्या करंट देऊ नकोस. बोर्ड तिचं ऐकतो. अडॅप्टरमधून येणारी वीज मग नुसतं मशीन चालवायला जाते.

ही चिप किती कडक शिस्तीची असते ते सांगतो. मागे ऐन मे महिन्यात एक पॅक आला. कुणीतरी तो फोडून आतले सेल बदलून दिले होते आणि त्या खटपटीत थर्मिस्टरची तार तुटली होती. तार तुटली म्हणजे रोध अमर्याद, म्हणजे चिपच्या हिशेबी भयंकर थंडी. बाहेर तपकीर गल्लीत माणसं उसाच्या रसाच्या गाड्यावर उभी, आणि ही बया आत ध्रुवावरच्या गारठ्याला भिऊन करंट नाकारत होती. नशिबाने चिप लॉक झाली नव्हती. तार जोडली आणि चार्जिंग सुरू.

आता ही बंदी मुळात का, ते. त्यासाठी तुझ्याच कॅनडात यावं लागतं.

१९७०च्या दशकात अमेरिकेत एक्झॉन या तेलकंपनीत स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी पुन्हा भरता येणारी लिथियमची बॅटरी करून दाखवली. तिची एक बाजू टायटॅनियम डायसल्फाइडची आणि दुसरी चक्क लिथियम धातूची. लिथियम वजनाला हलका आणि वीज द्यायला उदार, त्यामुळे कागदावर सगळं झकास. अडचण भरताना यायची. परत येणारा लिथियम धातूवर सारखा पसरत नाही. कुठेतरी बारीकसा उंचवटा तयार होतो, तिथे विद्युतक्षेत्र जास्त तीव्र असतं, म्हणून पुढचाही लिथियम तिथेच येऊन बसतो, आणि होता होता त्याची सुई वाढते. तिला डेंड्राइट म्हणतात. सेलच्या दोन बाजूंच्या मध्ये केसापेक्षा पातळ प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा असतो. सुई तो भेदून पलीकडे टेकली की आतल्या आत शॉर्ट. आणि आतला द्रव असतो सहज पेट घेणारा.

तरीही ब्रिटिश कोलंबियात बर्नबीला मोली एनर्जी नावाच्या कंपनीने हे धाडस बाजारात उतरवलं. १९७७ साली निघालेली कंपनी, व्हँकूव्हरच्या विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिलेली. मॉलिब्डेनम डायसल्फाइड एका बाजूला, लिथियम धातू दुसऱ्या बाजूला. सेल चांगले चालले, जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये बसवले गेले. १९८९मध्ये त्यातल्या काही फोनना आगी लागल्या. सगळे सेल परत मागवावे लागले आणि कंपनी बुडाली. (पुढे मालक बदलत बदलत ती तगली. आज मोलिसेल नावाने ती लिथियम-आयन सेलच विकते, आणि चांगले विकते.)

त्या वेळी मोलीत जेफ डॅन नावाचे एक तरुण भौतिकशास्त्रज्ञ नोकरीला होते. पुढे ते प्राध्यापक झाले आणि १९९६मध्ये आले कुठे, तर तुझ्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात. बॅटरी जास्तीत जास्त वर्षं कशी टिकेल, या विषयात त्यांचं नाव जगभर घेतलं जातं. जाता येता त्यांच्या प्रयोगशाळेवरून जात असशील. जाता जाता हेही सांगतो की ज्या अर्ल ऑफ डलहौसीने १८१८ साली ते विद्यापीठ काढलं, त्याचाच मुलगा पुढे आपल्याकडे गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि आल्या आल्या साताऱ्याचं राज्य खालसा केलं. तुझे आजोबा असते तर तू तिथे राहायला गेलीस म्हणून त्यांनी तासभर ऐकवलं असतं.

मोली बुडत होती तेव्हा दुसरी वाट तयार झालेलीच होती. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या चमूने १९८०मध्ये कोबाल्ट ऑक्साइडची बाजू शोधली होती. जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये तिच्यासमोर लिथियम धातूऐवजी कार्बन ठेवला, आणि १९९१मध्ये सोनीने ती बॅटरी विकायला काढली. २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांना मिळालं, त्यात गुडइनफ ९७ वर्षांचे होते. योशिनोंच्या रचनेतली खुबी अशी की लिथियम कुठेच धातू म्हणून नसतो. भरताना त्याचे आयन कार्बनच्या थरांच्या मध्ये शिरून बसतात, वापरताना बाहेर पडतात. धातू नाही, म्हणून सुयाही नाहीत.

आणि इथेच थंडी घोळ घालते. गारठ्यात आयनांचं थरांमध्ये शिरणं मंदावतं, पण चार्जर मागून लोट पाठवतच राहतो. एसटीच्या दाराशी आधीचे चढलेले नसताना मागून रेटा आला की माणसं पायरीवरच लोंबकळतात, तसा लिथियम कार्बनच्या तोंडाशीच साचतो आणि तिथे त्याचा धातू होतो. म्हणजे जे टाळायला ही सगळी रचना केली, तेच शून्याखाली चार्ज केल्याने पुन्हा जन्माला येतं. असा साचलेला लिथियम बराचसा कायमचा वाया जातो, तेवढी बॅटरीची ताकद घटते, आणि उरलेल्यातून सुया वाढायचा धोका असतोच. तुझी बॅटरी रात्री तास-दोन तास अडून बसते ती या मोलीच्या सुयांना घाबरून, आणि तिचं म्हणणं बरोबर आहे. दुकानदाराने नवी बॅटरी टाकली असती तर तीही अशीच अडली असती. मशीन दुकानात नेल्यावर त्याने अडॅप्टर लावून पाहिला असता तर त्याला चार्जिंग चालू दिसलं असतं. पाहिला नसावा.

तेव्हा करायचं ते एवढंच. लॅपटॉप गाडीत ठेवू नकोस, कॅफेत आत ने. नाइलाजाने गारठलाच, तर घरी आल्यावर बॅगेची चेन बंद ठेवून तासभर तसाच राहू दे. थंडगार मशीन उबदार खोलीत एकदम उघडलं की आत दव धरतं, आणि बोर्डाला ओलाव्याइतकं वाईट काही नाही. हीटरवर ठेवणं, हेअर ड्रायर मारणं असले प्रकार करू नकोस. तुझ्या आईने सुचवलेत म्हणून आधीच लिहितो.

आता हीच तक्रार उद्या भर उबेत आली, तर संशयाची जागा बदलेल. सगळ्यात आधी अडॅप्टर. तुझा गोल पिनेचा आहे ना? त्या पिनेच्या मधोमध सुईसारखी बारीक तार दिसेल. ती वीज वाहत नाही. अडॅप्टरमध्ये एक छोटी चिप असते आणि ती या तारेतून लॅपटॉपला सांगते की मी इतक्या वॉटचा आहे. ही ओळख पटली नाही तर लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो, थोडा रेंगाळत चालतो, पण बॅटरीला हात लावत नाही. अशा पिनेची जी मशीन आमच्याकडे येतात, त्यांच्या ‘चार्ज होत नाही’मधल्या फार मोठ्या हिश्शाचं मूळ इथे असतं: पिनेच्या मानेशी वाकून वाकून आतली तार तुटलेली. मल्टीमीटर साडेएकोणीस व्होल्ट पुरते दाखवतो, दिवा लागलेला असतो, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की अडॅप्टर ठणठणीत आहे. लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये जाऊन बघ. तिथे अडॅप्टरचे वॉट लिहिलेले दिसले तर ओळख पटली. ‘अननोन’ दिसलं तर त्याच जातीचा दुसरा अडॅप्टर मागून लावून पाहा. आणि इथून नेलेली तीन गोल पिनांची कॉर्ड कन्व्हर्टरमध्ये खोचून वापरतेस, ते बंद कर. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्याला काही होत नाही, पण ते कन्व्हर्टर ढिले बसतात आणि ठिणग्या टाकतात. फक्त भिंतीकडची कॉर्ड सुटी मिळते, तिथली घे.

रूममेटच्या टाइप-सी चार्जरचं गणित निराळं. त्यात चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलतात आणि किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतात. बोलणं फिसकटलं तर पाच व्होल्टच मिळतात, त्यावर लॅपटॉपचं पोट भरत नाही. फोनचा वीस वॉटचा चार्जर लावून लॅपटॉप भरत नाही म्हणणं अन्यायाचं आहे. केबलही बघ: साधी केबल तीन अँपिअर, म्हणजे साठ वॉटपर्यंतच जाते. त्यापुढे केबलमध्येच चिप लागते.

ऐंशी टक्क्यांवर किंवा साठवर येऊन थांबत असेल तर तो बिघाड नाही. बॅटरी काठोकाठ भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, म्हणून कंपन्यांच्या अॅपमध्ये तशी मर्यादा घातलेली असते. हवी तर काढ. मी म्हणतो राहू दे.

कधी काहीच कारण सापडलं नाही, तर लॅपटॉप पूर्ण बंद कर, अडॅप्टर काढ आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धर. चार्जिंग सांभाळणारा छोटा कंट्रोलर कधीकधी अडकून बसतो, तो बऱ्याच मशीनमध्ये याने सुटतो. जॅक हलवला की चार्जिंग येतं-जातं असं झालं तर जॅकचं सोल्डर ड्राय झालंय. ते काम तिथे कुणाकडून तरी करून घ्यावं लागेल.

टचपॅड उचलल्यासारखा वाटला, झाकण नीट मिटेनासं झालं किंवा खालची प्लेट फुगली, तर मात्र यातलं काहीही करत बसू नकोस. बंद कर, चार्जर काढ, दाबून बसवायला जाऊ नकोस, आणि बॅटरी गोळा करणाऱ्या केंद्रात दे. चिप थंडी-उष्णता मोजते, व्होल्ट मोजते, पण सेलच्या आतल्या खोटीपुढे तिचं काही चालत नाही. २००६मध्ये सोनीच्या सेलमध्ये धातूचे बारीक कण राहून गेले होते, तेव्हा एकट्या डेलला ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या, आणि त्या सगळ्यांत चिप होतीच.

एक काम कर. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप कर (अर्थात इंग्रजी अक्षरांत). एक फाइल तयार होईल. तीत ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतील, ते मला पाठव. दुसरा पहिल्याच्या निम्म्याखाली असेल तर नव्या बॅटरीचं बोलू. तसं असेलसं वाटत नाही.

तुझा,
मामा

ता. क. ताई गोड्या मसाल्याच्या पार्सलात इथली स्वस्त बॅटरी घालून पाठवायला निघाली होती. तिला थांबवलंय. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६पासून जगभर बंदी आहे. मालवाहू विमानात चालते, पण तीस टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नको. प्रवाशाने हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंतची नेली तर चालते. म्हणजे लागलीच तर मे महिन्यात येशील तेव्हा घेऊन जा, चेक-इनच्या बॅगेत मात्र टाकू नकोस. मसाला कालच निघाला.