सोनं, वेण्या आणि भुवया

दिवाळी सरली की अकोटात दोन गोष्टींची वर्दळ सुरू होते. जिनिंगांपुढे कापसाच्या गाड्या लागतात आणि घरोघरी बायोडाटे फिरू लागतात. आम्हा ख्रिस्ती घरांतही ते फिरतात. कुंडलीऐवजी त्यात मंडळीचं नाव आणि बाप्तिस्म्याचा उल्लेख असतो. रंगाचा रकाना मात्र सगळ्यांचा सारखाच. गोरी, निमगोरी, गव्हाळ. मग एखादी आत्या म्हणते, "पोरगी सावळी हाय, पन सोभावानं लय गुनाची हाय." गुण असे उशिरा येतात, पीक गेल्यावर मिळणाऱ्या नुकसानभरपाईसारखे.

अशा वेळी हमखास आठवतं ते पेत्राचं पहिलं पत्र, तिसरा अध्याय. वेण्या, सोनं, उंची वस्त्रं ही स्त्रीची खरी शोभा नाही. सौम्य आणि शांत मन देवाला मोलाचं, असा त्याचा भाव. लग्नाच्या उपासनेत ते वाचलं जातं तेव्हा नवरी सोन्यानं मढलेली असते, आणि नवऱ्याच्या गळ्यातल्या गोफाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. पत्राचा तो भाग बायकांना उद्देशून आहे, हे खरं. पण आम्ही पुरुष त्याच्या आडोशाला किती सुखात बसलो आहोत!

आपल्या मुलखात तर या उपदेशाला आणखी एक काटा आहे. दीडशे वर्षांपूर्वी इथे वेणी आणि सोनं सक्तीनं उतरवलं जाई, ते ब्राह्मण विधवेच्या अंगावरून. केशवपन करून, बांगड्या फोडून तिला माजघराच्या अंधारात बसवत. तिच्यापुढे साधेपणाचा महिमा कोण गाणार? पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या, १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राहणी कायम पांढऱ्या साडीची. पण ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं तेव्हा त्यांनी विधवांच्या हाती पुस्तकं दिली. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. पुढे १८९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, नुसते हाडांचे सापळे. तरुण मुली हेरणारी माणसं त्याच दुष्काळात वेगळ्या कारणानं फिरत होती. रूपाची पारख त्यांना होती.

शमुवेलाची गोष्ट म्हणूनच मला पेत्राच्या पत्रापेक्षा जवळची वाटते. इशायाच्या घरी राजा निवडायला गेलेला हा म्हातारा संदेष्टा थोरल्या मुलाची, अलीयाबाची, उंची पाहून भुलतो, आणि देव त्याला तिथेच अडवतो: माणूस बाहेरचं रूप पाहतो, मी अंतःकरण पाहतो. ताकीद मिळते ती पाहणाऱ्याला. अलीयाबाला कोणी साधे कपडे घालायला सांगत नाही. (गंमत अशी, की अंगाखांद्याकडे बघू नकोस म्हणून दटावणारा तोच अध्याय थोड्याच ओळींनी, शेवटी निवडलेल्या धाकट्या मुलाचे, दाविदाचे, डोळे सुंदर होते हे नोंदवायला विसरत नाही. शास्त्र लिहिणाराही माणूसच.)

ही ताकीद मनावर घेणारी माणसं आमच्यापासून फार दूर नाहीत. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. कुष्ठरोगात भुवया झडतात, नाक बसतं, बोटं आत वळतात. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि आज रोग पुरता बरा होतो. तरी उशीर झाला असेल तर जंतू मेल्यावरही चेहरा रोगाचं नाव सांगत राहतो.

त्या औषधांच्याही कितीतरी आधी, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी अशी वळलेली बोटं शस्त्रक्रियेनं सरळ करायला सुरुवात केली. लोक हातानं काम करू लागले, पण चेहरा पाहून त्यांना काम कोणी देईना. देव अंतःकरण पाहतो, एवढं सांगून त्यांची बोळवण करता आली असती. विश्वासाच्या दृष्टीनं त्यात खोटं काहीच नव्हतं. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाकं पुन्हा उभी केली. डोक्यावरची केसांसकट कातडी काढून भुवयांच्या जागी लावली. आता ते केस मुळात डोक्याचे, म्हणजे वाढतच राहणार. भुवया अधूनमधून कातरणं आलं. काही रुग्णांनी मात्र त्या मुद्दाम वाढू दिल्या, चांगल्या लांबलचक, आणि तशाच मिरवल्या.