माळ्यावरचा खोका



मागच्या लेखात मी चातुर्मासातल्या डब्याबद्दल लिहिलं होतं. आज विषय जरा वेगळा आहे, पण घरातलाच आहे. आमच्या घरी यंदा श्रावणात शिरस्त्राण तयार झालं. तलवारीबरोबरचं नव्हे, ‘स्टार वॉर्स’ या इंग्रजी सिनेमातलं. त्यात दुष्ट साम्राज्याचे पांढऱ्या चिलखतातले सैनिक असतात, त्यांना स्टॉर्मट्रूपर म्हणतात.

मुलाने ते शिकवणीच्या पैशांतून मागवलं होतं. खोका आला तेव्हा घरी पाहुणे होते, आणि चारच दिवस आधी त्याचा कॉलेजचा निकाल लागला होता. दोन विषय राहिले होते. खोक्यातून पांढऱ्या प्लास्टिकचे वेडेवाकडे तुकडे निघाले आणि माझ्या तोंडून गेलं, “अभ्यास सोडून हा कचरा आणलास? तूही त्यातलाच होणार.” पाहुण्यांसमोर. तो काही बोलला नाही. खोका माळ्यावर गेला आणि मुलाचं माझ्याशी बोलणं ‘जेवण झालं’, ‘येतो’ एवढ्यावर आलं. असे पाच महिने गेले.

श्रावणात एकदा कसारा मार्गावर गाड्या बंद पडल्या. भातसा दुथडी भरून वाहत होती आणि खडवलीहून कल्याणला जायची सोय नव्हती. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळ फार लांब वाटते. मीच म्हटलं, “तो खोका काढ ना खाली. काय आहे ते बघू तरी.” तो माझ्याकडे बघत राहिला, मग स्टूल घेऊन आला.

हे तुकडे कसे बनतात ते त्याने सांगितलं. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करतात, साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात, की पत्रा साच्याला चिकटून बसतो. मला लगेच पटलं. तव्यावरचा गरम पापड आपण पालथ्या वाटीवर दाबतो आणि त्याची वाटी होते, तसंच हे. 1977 च्या त्या पहिल्या सिनेमातली शिरस्त्राणंही अशीच बनवली होती. पुढे ती शिल्प आहेत की वापरायची वस्तू, यावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात खटला गेला. 2011 मध्ये न्यायालयाने सांगितलं, शिल्प नाही. मी मनात म्हटलं, कचरा तरी म्हणाले नाहीत.

काम दिसतं त्यापेक्षा किचकट निघालं. चेहरा एक तुकडा, डोक्याचा मागचा भाग दुसरा, दोन कान वेगळे. प्रत्येकाच्या कडेला जास्तीचं प्लास्टिक असतं. पेन्सिलीने रेघ मारायची, कटरने त्याच रेघेवरून चार-पाचदा हलकेच ओढायचं आणि मग वाकवून तोडायचं. घाई केली की कटर घसरतो. नंतर कानस आणि पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. चेहरा आणि मागचा भाग जुळवताना तीन हात लागतात, म्हणून मी बसले. कपाळाची काळी रबरी पट्टी चिकटवून ती सुकेपर्यंत धरायला माझे कपड्यांचे चिमटे कामी आले. आत शिवणाच्या डब्यातलं इलॅस्टिक आणि जुन्या उशीचा फोम गेला. पट्टा आधी हातात घेऊन बघितला, कातड्याचा नाही ना? नायलॉनचा होता.

सासूबाई जपमाळ घेऊन बघत होत्या. म्हणाल्या, “अरे, हे लढाईचं टोपडं आपल्या घरात कशाला?” खरं तर माझ्याही मनात तेच होतं. तो म्हणाला, “आजी, हे घालून लोक दवाखान्यात आजारी मुलांना भेटायला जातात.” 1997 मध्ये अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी ‘501 वी लीजन’ नावाची संस्था काढली. सिनेमातल्या दुष्टांचे पोशाख स्वतः बनवायचे आणि ते घालून सेवेला जायचं. पुढे जॉन्सन यांच्याच छोट्या मुलीला मेंदूचा कर्करोग झाला. तिच्यासाठी हौशी लोकांनी गुलाबी रंगाचा रोबो बांधायला घेतला. 2005 मध्ये मुलगी गेली, पण तिच्या आठवणीतला तो रोबो इतर मुलांना भेटत राहिला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “दिवा जवळ घे, नीट दिसत नसेल.”

दिव्यावरून आठवलं. एका संध्याकाळी तो तोंडाच्या जाळीला करडा रंग लावत होता. पावसाळ्यातले किडे दिव्याकडे येतात, त्यातला एक ओल्या रंगात चिकटला. ब्रशच्या टोकाने सोडवायला गेलो, वाचला नाही. त्यानंतर रंगकाम दिवसाउजेडी, आणि सुकेपर्यंत वर पुठ्ठ्याचा खोका पालथा. हा नियम त्यानेच केला, मी सांगितलं नव्हतं.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. डावा डोळा कापायला मी मागून घेतला आणि कात्री रेघेबाहेर गेली. गालावर बोटाच्या पेराएवढी चीर. माझ्या पोटात गोळा आला. आता हा काय बोलेल? बोलला असता तरी मला तोंड नव्हतं.

तो म्हणाला, “होतं असं, आई. उरलेले तुकडे टाकले नाहीस ना?” कापून पडलेले तुकडे मी केरात टाकायला बाजूला काढले होते. त्याने ते बारीक करून काचेच्या बाटलीत अ‍ॅसिटोनमध्ये भिजवले. नेलपॉलिश काढतो त्याच वासाचं ते, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या आणि गॅस बंद. दुसऱ्या दिवशी त्याची खळ झाली. त्याच प्लास्टिकची, म्हणून एकजीव होते. चिरेत भरली, वाळली, घासली. आता कुठे होती ते मलाही शोधावं लागतं.

दशलक्षण पर्वाचे दहा दिवस कामाला सुट्टी दिली. क्षमावाणीच्या दिवशी मंदिरातून आलो. ओळखीच्या सगळ्यांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणून झालं होतं. घरच्यांना आपण ते किती पटकन म्हणून टाकतो! तो शिरस्त्राण घालून आरशासमोर उभा होता. मी मागे जाऊन म्हटलं, “त्या दिवशी पाहुण्यांसमोर मी जे बोलले, त्याची मला क्षमा कर.”

“काय? आतून ऐकू येत नाही गं.”

तो वळला आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटलं. सिनेमातही एका सैनिकाचं असंच आपटतं म्हणे, त्या डोळ्यांतून समोरचं जेमतेम दिसतं. दोघंही हसलो. मग त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरलं आणि म्हणाला, “आता बोल.”

हसण्यावारी नेता आलं असतं. पण मी त्याच्या तोंडाकडे बघून सगळं वाक्य पुन्हा म्हटलं, ‘कचरा’ हा शब्द धरून. त्याने मान खाली घातली. म्हणाला, “मी पण पाच महिने बोललो नाही. उत्तम क्षमा, आई.”

राहिलेले दोन विषय दिवाळीनंतर आहेत. शिरस्त्राण सध्या त्याच्या पुस्तकांच्या फळीवर आहे, आणि धूळ मी पुसते.