पंक्चरवाल्याचे इल्म

माझी चुलत बहीण कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात राहते. तिथे १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणे कायद्याने सक्तीचे आहे. तापमान साधारण ७ अंशांखाली गेले की नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊन रस्त्यावरची पकड सोडू लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. अशा टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण असते.

पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा कधी ८-९ अंशांवर उतरतो, पण दुपारी तिशीकडे झुकतो. इथल्या डांबरावर ते मऊ रबर भराभर झिजेल. आपला कसोटीचा ऋतू पावसाळा. माझे माहेर म्हसळ्याचे, ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे जायचे. जुलैत त्या घाटात रस्त्यावरून पाणी वाहत असते. त्यामुळे यंदा मे महिन्यात टायर बदलायचे ठरवले आणि कोंढव्यातल्या एका छोट्या दुकानात गेले. दुकानदार माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाचे अब्बा, हे तिथे गेल्यावर कळले. त्या मुलाने शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय ‘बिझनेस’ एवढाच लिहिला होता.

त्यांनी आधी टायरच्या खाचांत बोट घातले. खाचेच्या तळाशी रबराच्या छोट्या उंच पट्ट्या असतात. टायर झिजून त्या पट्ट्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली. कायद्याची किमान मर्यादा तीच. “मॅडम, कानून का हिसाब अलग, घाट का अलग. बारिश में तीन के नीचे मत जाओ,” ते म्हणाले. खाचा चाकाखालचे पाणी बाहेर फेकतात. त्या उथळ झाल्या की वेगात चाक पाण्यावर तरंगते आणि मग स्टिअरिंग, ब्रेक दोन्ही निकामी.

मग टायरवरचे आकडे वाचायला शिकवले. १६५/८० आर १४ म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १४ इंची. शेवटचे चार आकडे जन्मतारीख: २३२४ असेल तर २०२४ सालचा २३वा आठवडा. ‘नवा’ म्हणून विकलेला टायर गोदामात चार वर्षे पडलेला असू शकतो, म्हणून ही तारीख आधी बघायची. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते आणि ती टायर थंड असताना मोजायची.

मला दोनच टायर घ्यायचे होते. मी म्हटले, पुढे लावा. त्यांनी मान हलवली. नवे मागे लावायचे. ओल्या वळणावर पुढचे चाक घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते, ती सावरणे भल्याभल्यांना जमत नाही. टायर कंपन्याही हेच सांगतात. मी बी.एड.ला अध्यापनशास्त्र शिकले, पण इतक्या थोडक्यात इतके नीट समजावणे मला रोज जमतेच असे नाही.

आज ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याला चिडवण्यासाठी वापरतात. मोबाइलवरच्या विनोदांत तो असतो, भाषणांत असतो. या धंद्याला भांडवल थोडे लागते, सर्टिफिकेट लागत नाही आणि नोकरीसाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. म्हणून आपली माणसे त्यात आली. मुसलमानांत स्वयंरोजगाराचे प्रमाण जास्त असल्याचे सच्चर समितीने २००६च्या अहवालात नोंदवले आहे. त्यामागे नोकऱ्यांची बंद दारेही आहेत, हे विसरून नुसते कष्टाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. त्या मुलाने खूप शिकावे, हवे ते व्हावे, हीच माझी दुआ आहे. पण शिकायचे ते वडिलांच्या हातांची लाज वाटते म्हणून, असे होऊ नये. घाटात आपली लेकरे सुखरूप उतरतात, त्यात त्या काळ्या हातांचाही वाटा असतो.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर रस्ता सुरक्षेच्या तासाला त्यांना बोलवावे असे मनात आले. ते संकोचले. “मैं बच्चों को क्या बोलूंगा?” मी म्हटले, जे मला सांगितलेत तेच. पण वर्गात जाहीर करण्याआधी मुलाला बाजूला घेऊन विचारले. तो नको म्हणाला असता तर विषय तिथेच संपवायचा होता. दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाला, “टीचर, अब्बा आएंगे तो घिसा हुआ टायर भी लाना पडेगा ना? नहीं तो फरक कैसे दिखेगा?”