वेल्समधली इटली

आई-बाबा २०२३ च्या मे महिन्यात दोन महिन्यांसाठी आमच्याकडे मँचेस्टरला आले. त्याआधी वर्षभर मी त्यांना इटली दाखवायचं कबूल करून बसलो होतो. साताऱ्यात आमच्या अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. आईने मीना प्रभूंचं 'रोमराज्य' वाचनालयातून दोनदा आणून वाचलं होतं, दोन्ही भाग. शिवाय एका जुन्या डायरीत काय काय बघायचं याची यादी केली होती. बाबांचं म्हणणं एवढंच होतं की पिसाचा मनोरा का कलला ते जवळून बघायचंय. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय बघणार?

आणि मग आमच्या डॉक्टरेटने माती खाल्ली.

झालं असं, की मी पीएच.डी. करत असताना शेंगेन व्हिसा इथूनच काढला होता. तेव्हा आई-बाबा आले की तसाच काढू, हाकानाका! पण मी इथला रहिवासी होतो आणि ते पाहुणे. शेंगेनसाठी अर्ज करायचा तो माणूस जिथे राहतो तिथून, म्हणजे त्यांच्या बाबतीत मुंबईहून. हे मला कधी कळलं? त्यांच्या बॅगा उघडून लाडू-चिवडा फस्त झाल्यावर आठ दिवसांनी. संशोधनात मी प्रत्येक आकड्याला तीनदा तपासतो म्हणून टीममध्ये प्रसिद्ध आहे. घरच्या कामाला ती सवय लावायची राहून गेली.

"अरे पण इंग्लंड युरोपातच आहे ना?" बाबा.

"भूगोलात आहे, बाबा."

"मग? यांनी ते ब्रेक्झिट केलं म्हणून आपली अडचण झाली का?"

इथे ब्रिटिशांच्या बाजूने एक खुलासा करायला हवा. ब्रेक्झिट झालं २०२० च्या जानेवारीअखेर, पण ब्रिटन शेंगेनमध्ये आधीही कधी नव्हतं. आधी येऊन गेलेल्या काका-काकूंनी पॅरिस बघितलं असेल तर त्यांनीही दोन वेगळे व्हिसा काढले होते. बाबांना खुलासा पटला. आई काही बोलली नाही. डायरी बॅगेत ठेवून दिली आणि भेंडी चिरायला बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात माझ्या सिएटलच्या मित्राला फोन केला, रडगाणं गायला. तो म्हणाला, "आमच्याकडे ये. आम्ही दरवर्षी जर्मनी करतो." त्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसा संपलेला. देशात राहायला अडचण नाही, पण एकदा बाहेर पडलं की परत येण्याआधी वकिलातीत जाऊन नवा शिक्का घ्यायचा, आणि तो मिळेपर्यंत जीव टांगणीला. म्हणून तो युरोपला न जाता कॅस्केड डोंगरांतल्या लेव्हनवर्थ नावाच्या गावी जातो. लाकूड कापायची गिरणी गेली, रेल्वे गेली, गाव मरायला टेकलं. तेव्हा १९६० च्या दशकात तिथल्या लोकांनी ठरवलं की आपण बव्हेरिया व्हायचं. एकेका दुकानाला लाकडी सज्जे, उतरती छपरं, कुंड्यांतून फुलं. आता हजारो लोक जातात. क्युबेक सिटीची गोष्ट वेगळी. तिथे फ्रेंच खरोखरच १६०८ पासून राहतायत, तटबंदी खरी आहे, आणि पाववाला तुमच्याशी फ्रेंचच बोलतो. ते सोंग नव्हे, तो वारसा. लेव्हनवर्थ म्हणजे निव्वळ रंगभूषा. पण मित्र म्हणाला, "पोरं खूष असतात रे. आपणही दोन तास विसरतो."

फोन ठेवला आणि बायको म्हणाली, "मग आपल्याकडे पोर्टमेरियन आहे की."

पोर्टमेरियन उत्तर वेल्समध्ये, ड्वायरिड नदीच्या खाडीवर. आमच्याकडून गाडीने अडीच-तीन तास. क्लफ विल्यम्स-एलिस नावाच्या आर्किटेक्टने १९२५ साली ही जागा घेतली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं, मधला युद्धाचा काळ सोडून, तिथे एक इटालियन वाटणारं गाव रचत राहिला. जागेचं मूळ नाव आबेर या, म्हणजे गोठलेली खाडी. या नावाने कोण येणार? त्याने बंदराचं 'पोर्ट' आणि मेरियन या परगण्याचं नाव जोडून नवं बारसं केलं. इटलीतलं पोर्टोफिनो त्याला फार आवडायचं, पण मी त्याची नक्कल केली नाही असं तो सांगत असे. सुंदर जागेवर बांधकाम केलं की ती जागा बिघडलीच पाहिजे असं नाही, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. (लवासावाल्यांनाही असंच काहीतरी दाखवायचं होतं. असो.)

आम्ही जूनमधल्या एका शनिवारी निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. वेल्स लागताच पाऊस सुरू झाला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "इटलीत ऊन असतं असं वाचलं होतं." टोमणा होता की विनोद, मला अजून कळलेलं नाही.

दारातून आत गेलो आणि पाऊस थांबला. (खरंच थांबला, पदरचं सांगत नाही.) गुलाबी, पिवळ्या, गेरूच्या रंगांची घरं उतारावर एकमेकांच्या खांद्यावरून डोकावत होती. एका बाजूला घंटेचा मनोरा, मध्ये हौद आणि हिरवळ, आणि आखाती प्रवाहाच्या कृपेने चक्क ताडाची झाडं. आई कमानीखाली उभी राहून नुसती बघत होती. मग म्हणाली, "समुद्र कुठाय?" ओहोटी होती. खाली मैलभर ओली वाळू आणि तिच्यात नदीची एक चिंचोळी रेघ. तिला ते जास्त आवडलं. म्हणाली, "वाईला उन्हाळ्यात कृष्णा अशीच दिसते."

बाबांनी मात्र तिसऱ्या मिनिटाला पहिली खिडकी पकडली. "अरे, ही रंगवलेली आहे!" होतीच. इथल्या कित्येक खिडक्या भिंतीवर नुसत्या चितारल्यात. मग त्यांना नादच लागला. वरच्या मजल्याच्या खिडक्या खालच्यांपेक्षा लहान, म्हणजे घर आहे त्याहून उंच वाटावं. युनिकॉर्न नावाची एक इमारत समोरून सरदाराची हवेली, बाजूला जाऊन बघावं तर एकमजली कॉटेज! बाबा भिंतीवर बोटांनी टकटक करत हिंडत होते आणि एका गोऱ्या आजोबांनी मोठ्या आदराने विचारलं, "आर यू अ सर्व्हेयर?" बाबा म्हणाले, "रिटायर्ड."

ब्रिटिश मंडळी इथे 'द प्रिझनर' या १९६७ च्या मालिकेसाठी येतात. तिच्यात एका गुप्तहेराला एका विचित्र गावात डांबून ठेवतात आणि काही केलं तरी तो बाहेर पडू शकत नाही. तिचं चित्रीकरण इथलंच. व्हिसाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही कथा लगेच समजते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

गावात टाउन हॉल आहे. त्याच्या आत वर बघितलं तर सतराव्या शतकातलं चुन्याच्या गिलाव्याचं कमानदार छत, त्यावर हर्क्युलिसच्या पराक्रमांची चित्रं उठावात कोरलेली. हे छत इथलं नाही. फ्लिंटशरमध्ये एमरल हॉल नावाची हवेली होती. १९३६ साली ती पाडायला निघाली. क्लफसाहेबांना सुगावा लागला, ते धावतपळत लिलावाला पोचले, आणि छत तेरा पौंडांत मिळालं, कारण दुसरं कोणी बोलीच लावेना. गिलाव्याचं छत नेणार कसं? त्याचे तुकडे केले, गाडीतून आणले आणि इथे पुन्हा जोडले. छताबरोबर त्या हवेलीच्या खिडक्या वगैरेही आल्या. गावभर हाच प्रकार. एक आख्खी खांबांची ओवरी अठराव्या शतकातली, ब्रिस्टलहून दगड-दगड उचलून १९५९ साली इथे उभी केलेली. पडलेल्या इमारतींचं अनाथालय म्हणावं तसं. म्हणजे गाव खोटं, पण त्याचे अवयव खरे. लेव्हनवर्थ आणि क्युबेकच्या मध्ये कुठेतरी.

मी हे सगळं बाबांना सांगत होतो. ते वर बघतच होते. मान दुखेल म्हणून मी खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "आपली तक्तपोशी घनफुटाने दिली आपण."

आमचा शनिवार पेठेतला वाडा २००६ साली पाडला. मी तेव्हा बारावीत होतो आणि खरं सांगायचं तर फ्लॅट मिळणार म्हणून खूष होतो. संडास घरात, स्वतःची खोली, अजून काय पाहिजे! सागवानी खांब, तुळया, माजघरावरची तक्तपोशी, दिंडी दरवाजाची गणेशपट्टी, सगळं एका व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेलं. भाव लाकडाचा, नक्षीचे पैसे नाहीत. वाटण्या चार भावांच्या, त्यामुळे एकट्या बाबांच्या हाती काही ठेवून घेणं नव्हतं. हे मला ऐकून माहीत होतं. पण बाबा त्यावर कधी बोलले नव्हते. सतरा वर्षं झाली होती आणि ते वेल्समधल्या एका खोट्या इटालियन गावात बोलले.

"कुठल्या तरी हॉटेलात लागली असेल," मी म्हणालो.

"लागली असेल तर बरं आहे. मला वाटतं जळणात गेली."

यावर मी काय बोलणार? बाहेर येऊन आम्ही आइस्क्रीम घेतलं. आई शाल गुंडाळून कट्ट्यावर बसली होती. आइस्क्रीम खाता खाता तीच बोलायला लागली, की मी तिसरीत असताना लंडन बघायचं म्हणून तीन दिवस जेवलो नव्हतो. बाबांनी मग एसटीने पाचगणी-महाबळेश्वरला नेलं, जुलैच्या धुक्यात. उतरत्या छपरांचे बंगले दाखवले आणि सांगितलं, हे लंडन. मी शाळेत जाऊन सगळ्यांना लंडन बघितल्याचं सांगितलं होतं म्हणे! मला यातलं काही म्हणजे काही आठवत नाही.

बाबा अगदीच खोटं बोलले नव्हते. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने १८२९ साली साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडून ती जागा घेतली, बदल्यात खंडाळा गाव दिलं. माल्कम पेठ वसली ती घरापासून महिनोन् महिने दूर असलेल्या गोऱ्यांसाठीच. सुएझ कालवा १८६९ चा, तोवर घरी जायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा. मग त्यांनी सह्याद्रीत आपल्या गावाकडची हवा शोधली, पॉइंटांना घरच्यांची नावं दिली, स्ट्रॉबेरी लावली. त्यांचाही एक प्रकारे व्हिसाच अडलेला.

संध्याकाळी परतताना आईने व्हॉट्सअॅपवर धाकट्या मावशीला फोन लावला. "हो, बघून आलो," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाही गं, रोम नाही. खोटी इटली. पण छान होती." मी आरशातून बघितलं तर ती डायरी उघडून काहीतरी लिहीत होती.

तुम्ही इथे येणार असाल तर दोन गोष्टी. शेंगेन मुंबईतूनच काढा, आणि निघायच्या तीन-चार महिने आधीपासून अपॉइंटमेंट शोधायला लागा. आणि पोर्टमेरियनला गेलात तर शेजारच्या मिनफर्ड स्टेशनवर फेस्टिनियोगची छोटी आगगाडी बघा. १८३६ सालची, पाटीचा दगड वाहायला बांधलेली. रुळांतलं अंतर ५९७ मिलिमीटर, आपल्या १९०७ च्या नेरळ-माथेरानपेक्षा फक्त १३ मिलिमीटर कमी. बाबांना मनोऱ्याऐवजी हिच्यावर समाधान मानावं लागलं.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन २०२४ च्या डिसेंबरमध्ये झालं. आता चालते, जिने मात्र एकेक पायरी करत. या वेळी अर्ज मुंबईहून करायचाय. कागदपत्रांची यादी मी तीनदा तपासली आहे. परवा फोनवर तिने विचारलं, रोमला त्या प्रसिद्ध स्पॅनिश पायऱ्या आहेत ना, त्यांना धरायला कठडा आहे का?