तांब्याभर पाणी

एके काळी दाराशी मोटार उभी असली की माणसाची पत वाढत असे. हल्ली मोटार उभी करायला जागा असली की वाढते. आमची सात माणसांची एसयूव्ही नऊ वर्षांपूर्वी घरी आली, तेव्हा मी सोसायटीत पेढे वाटले होते आणि सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला होता : "एवढी मोठी कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप देतो आहे. त्यामुळे या गाडीला काहीही झाले, की दुरुस्तीच्या आधी ते लपवावे कसे, हाच विचार माझ्या मनात येतो.

गेल्या वर्षी श्रावणात गाडीत तो पिवळा दिवा लागला. काट्यांच्या मधोमध, इंजिनाच्या आकाराचा, दिसायला अगदी निरुपद्रवी. शेजारी बसलेल्या चिरंजिवांनी विचारले, "बाबा, हे काय?"

"काही नाही रे, पावसाने होतं."

पावसाने काय काय होते याची यादी आपल्याकडे बरीच मोठी आहे. तीत आणखी एकाची भर पडली.

सोसायटीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावरचे निवृत्त ओव्हरसीअर म्हणाले, बॅटरी बदला. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी पेट्रोल तपासायला सांगितले. तिसऱ्या एका सद्‌गृहस्थांनी गाडीच विकून टाकण्याचा सल्ला दिला आणि घेणारा आपला मेव्हणा आहे, हेही जाता जाता सांगितले.

या सर्वांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक होती. बॉनेटखाली पाण्याची एक पांढुरकी बाटली असते. तिच्यावर दोन रेघा असतात आणि पाणी त्या दोहोंच्या मध्ये राहावे लागते. ज्येष्ठापासून ते खालच्या रेघेच्याही खाली जात होते. गाडीखाली मात्र एक थेंब दिसत नसे. गॅरेजात जावे तर खर्च, खर्च म्हटला की "एवढी मोठी कशाला?" म्हणून मी सोपा मार्ग धरला. दर रविवारी पहाटे, घर जागे व्हायच्या आत, मी तांब्याभर बोअरचे पाणी घेऊन खाली उतरत असे आणि बाटली भरून निमूटपणे वर येत असे.

शेवटी एकदाचे मी गाडी एका मोठ्या गॅरेजात नेली. नेण्यापूर्वी अर्थातच तांब्याभर पाणी घातले. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसेच ते.

गॅरेजातल्या तरुणाने स्टिअरिंगखालच्या खोबणीत एक यंत्र जोडले. अशी खोबण आणि दोषांचे ठरावीक क्रमांक अमेरिकेत १९९६ सालापासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले आणि पुढे ती पद्धत आपल्याकडेही आली. यंत्रावर अक्षरे उमटली : पी०१२८. मी घाबरून विचारले, "म्हणजे इंजिन तापतंय का?" तो म्हणाला, "उलट आहे सर. पाणी हवं तितकं तापत नाहीये."

गाडीतला संगणक हिशेब ठेवतो, की इंजिन सुरू झाल्यापासून इतक्या वेळात पाणी इतके गरम व्हायला हवे. तसे झाले नाही की तो हा क्रमांक नोंदवतो आणि दिवा लावतो. याचे नेहमीचे कारण म्हणजे थर्मोस्टॅट. ही इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली असते आणि पाणी तापले की उघडते. ती उघडीच अडकली, तर पाणी तापायला वेळ लागतो. तरुणाने तर्क केला तो शास्त्राला धरूनच होता. बाटली त्याला भरलेली दिसली, थर्मोस्टॅट बदलला गेला, दिवा विझला आणि मी साडेचार हजार रुपये मोजून विजयी मुद्रेने घरी आलो.

गणपतीच्या धामधुमीत माझे दोन रविवार चुकले. दिवा पुन्हा लागला.

आता प्रश्न नुसत्या दिव्याचा राहिला नव्हता. दिवाळीला चिपळूणजवळ आमच्या गावी जायचे ठरले होते. बरोबर एक्याऐंशी वर्षांची आई. जाताना खंबाटकीचा चढ, पुढे पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट. तो जाताना उतरायचा असतो, पण परतीला भरल्या गाडीने चढायचा असतो. आईने घर सोडल्याला सहा वर्षे झाली होती. "एकदा अंगणात पणती लावते, मग कुठे नेऊ नका," असे ती दसऱ्यापासून म्हणत होती.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना, आईला बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी नेऊन येताना, सौभाग्यवतींच्या आग्रहाने गाडी नाक्यावरच्या एका पत्र्याच्या शेडशी थांबली. मिस्त्री साठीचे असावेत. त्यांनी यंत्र वगैरे काही काढले नाही. दिव्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, पाणी कमी होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "म्हणजे, तसं काही नाही."

"कधी वरून घालावं लागतं का?"

"छे!"

तेवढ्यात मागच्या सीटवरून आईचा आवाज आला. "असं काय रे करतोस? दर रविवारी पहाटे तांब्या घेऊन जातोस ना? मी गॅलरीतून बघते. मला वाटलं, गाडीला पाणी घालायचा काही नेम धरलायस."

शेडमध्ये क्षणभर शांतता पसरली. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढेच म्हणाले, "आजींनी सांगितलं म्हणून बरं. पाणी कमी झालं, की तापमान मोजणारा सेन्सर हवेत राहतो. म्हणून संगणकाला वाटतं, पाणी तापत नाही. थर्मोस्टॅट चांगलाच असणार तुमचा."

मग त्यांनी इंजिन पूर्ण गार होऊ दिले, कारण गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. तोवर ऑइलची पट्टी काढून पाहिली. ऑइल दुधाळ झाले असते, तर पाणी इंजिनात शिरले असा अर्थ. ते स्वच्छ होते. सायलेन्सरला पांढरा धूर नव्हता. पुढच्या सीटखालची चटई कोरडी होती, म्हणजे हीटरची जाळीही शाबूत. त्यानंतर झाकणाच्या जागी एक हातपंप बसवून त्यांनी घड्याळाच्या काट्यावर एक बारपर्यंत दाब दिला आणि म्हणाले, "आता चहा घेऊ."

चहा संपेतो काटा खाली सरकला होता. बॅटरीच्या उजेडात त्यांनी मला पाण्याच्या पंपाखाली एक वाळलेला गुलाबी ओघळ दाखवला. वर एक बारीकसे भोक होते.

"हे फुटलंय?" मी विचारले.

"नाही साहेब, हे कंपनीच मुद्दाम ठेवते. आतलं सील झिजलं, की पाणी बेअरिंगवर न जाता इथून बाहेर यावं आणि बघणाऱ्याला कळावं म्हणून. गरम इंजिनावर ते लगेच वाळतं, म्हणून खाली थेंब दिसत नाही."

बोअरच्या पाण्याबद्दल मात्र त्यांनी मला चांगलेच सुनावले. त्यातल्या क्षारांनी आत थर बसतो. शिवाय साधे पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे कूलंट असले की ते १०७ अंशांच्या आसपास जाते आणि झाकणाने दाब धरला की १२५च्याही पुढे. मी तांब्यातांब्याने ते पातळ करत आणले होते.

"घाटात पाणी संपलं असतं तर काटा वर गेला असता ना? मी थांबलो असतो," मी शेवटची सारवासारव केली.

"सेन्सर हवेत असला, की काटाही खोटं बोलतो साहेब. इंजिन बसल्यावर कळलं असतं. रात्रीच्या वेळी, आजींना घेऊन."

यावर मला बोलण्यासारखे काही उरले नाही. पंप बदलला, आतले पाणी धुऊन काढले, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे कूलंट घालून भरले. जमिनीवर सांडलेले त्यांनी आवर्जून पुसून घेतले. ते गोड लागते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात, असे म्हणाले. जाताना एवढे सांगितले : पिवळा दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवा, लुकलुकत असेल तर गाडी पळवू नका आणि तापमानाचा लाल दिवा लागला तर आहे तिथे थांबा.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलेना. सौभाग्यवती रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या शेवटी म्हणाल्या, "पैशांचं काही नाही. पण या गाडीत आम्ही बसतो, एवढं तरी लक्षात ठेवायचं."

थोड्या वेळाने मागून आई हळूच म्हणाली, "मीही एक सांगायचं ठेवलंय. डाव्या डोळ्याने दोन महिने धूसर दिसतंय. म्हटलं, दिवाळीआधी कशाला? गावाला जाणं राहायचं."

आरशात पाहिले, तर ती पदराने चष्मा पुसत होती. दोन महिने ती तो तसाच पुसत होती आणि मी ते रोज पाहत होतो.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी मोतिबिंदू सांगितला. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायला हरकत नाही म्हणाले. दिवाळीला आम्ही गावी गेलो. आईने अंगणात पणती लावली आणि कुंभार्ली घाट येताना गाडी एका दमात चढली.

अजून दर रविवारी मी बॉनेट उघडून बाटलीची रेघ पाहतो, पण आता दिवसाउजेडी. गॅलरीतून आई विचारते, "किती आहे रे?" नव्या डोळ्याने तिला तिथूनही दिसत असावे, पण ती माझ्याकडून ऐकून घेते.