आबांच्या जीपचा रंग

आबा गेले आणि त्यांची जीप वाशीमच्या घरी निंबाखाली वर्षभर तशीच उभी राहिली. तिचा नंबर अजून अकोल्याचा; कारण वाशीम जिल्हा वेगळा झाला १९९८ च्या जुलैत, आणि जीप त्याच्या आधीची. आबा तिला दर रविवारी पॉलिश करीत. निळ्या रंगात आपला चेहरा दिसला पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे.

पुतण्या म्हणाला, "काका, जीप मी चालवतो. पण रंग मॅट करणार."

मॅट म्हणजे बिनचमकीचा. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "काहून भाऊ, पैसे देऊन गाडी जुनी करता?"

पुतण्याला हवा होता लष्करी हिरवा. तो मात्र १९८९ च्या मोटार नियमांप्रमाणे सैन्याखेरीज कोणालाच लावता येत नाही. मग ठरला गेरूचा तांबडा, आणि आर. सी. पुस्तकात रंगाची नोंद बदलून घेण्याकरिता एक हेलपाटा माझ्या वाट्याला आला.

काम मात्र पाहण्यासारखे होते. घासलेल्या तांब्यावरून उजेड सरळ परततो, तर गेरूचा हात दिलेल्या भिंतीवर तो चहूकडे विखुरतो. सारी गोम एवढीच. ही अदृश्य खरखर आणण्यासाठी वरच्या थरात एक अतिबारीक भुकटी असते. ती डब्याच्या तळाशी बसते. नीट ढवळले नाही, तर एक दार चमकते आणि दुसरे मलूल दिसते! चकचकीत रंगावर धुळीचा कण बसला तर घासून काढता येतो. इथे ती सोय नाही. घासले की तेवढीच जागा चमकू लागते. म्हणून मिस्त्रींनी जमीन ओली केली, पंखा बंद केला आणि शेवटचा हात एका दमात फवारला.

एका गोष्टीवर मात्र आई अडून बसली. डाव्या मडगार्डाचा पोचा भरायचा नाही. मी सहा वर्षांचा असताना तापाने फणफणलो होतो. भर पावसात आबा मला अकोल्याला नेत होते, आणि मालेगावच्या पुढे जीप बाभळीवर गेली. मी वाचलो, पोचा राहिला. पॉलिश करताना आबांचा हात तिथे आला की थांबे. ते काही बोलत नसत. मीही कधी विचारले नाही.

मॅट रंगात पोचा जवळजवळ दिसेनासा झाला. चकाकीच नाही, तर खळगा डोळ्यात भरणार कसा? मला, खरे सांगायचे तर, सुटल्यासारखे वाटले.

दसऱ्याला पूजेसाठी गेलो. झेंडूची माळ घालताना पाहतो तो काय, साऱ्या तांबड्या जीपवर पोच्याची तेवढीच जागा आरशासारखी लखलखत होती! आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की पदराने तिथे पुसत होती म्हणे.

मिस्त्री हळहळले. "आता पुरं मडगार्ड पुन्हा मारावं लागते, भाऊ. तेवढाच ठिपका दुरुस्त होत नाही."

पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी मिस्त्रींना चहा सांगितला आणि माळ जरा उजवीकडे सरकवली.