भीमाशंकर : सावकाश चालणाऱ्यांचे अरण्य

‘या वयात जंगल कसले पाहायचे?’ असे म्हणणारे ज्येष्ठ आणि ‘तुम्हांला झेपणार नाही’ असे म्हणणारी त्यांची मुले, दोघेही दवाखान्यात नेहमी भेटतात. प्रकृती स्थिर असेल, तर अशांना मी भीमाशंकर सुचवितो.

पुण्यापासून साधारण ११० किलोमीटरवर, सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेले हे दाट अरण्य १९८५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. ज्योतिर्लिंगामुळे ते सर्वांना ठाऊक आहे. पण इथला खरा मानकरी म्हणजे शेकरू, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तांबूस पाठीची, झुपकेदार शेपटीची ही मोठी खार जमिनीवर क्वचितच उतरते. एका झाडावरून दुसऱ्यावर वीस-वीस फुटांची झेप घेते आणि उंच फांद्यांवर काटक्या-पानांची एकाहून अधिक घरटी बांधते. फांद्यांना फांद्या भिडलेल्या असणे ही तिच्या जगण्याची गरज आहे. मधली झाडे तुटली, की तिची वाटच तुटते.

शेकरू पाहण्यास पायांपेक्षा धीर अधिक लागतो. घाईने चालणाऱ्यास केवळ पानांची सळसळ ऐकू येते. एका जागी शांत बसणाऱ्यास ते दिसते.

मात्र काही पथ्ये पाळावीत. मान मागे टाकून वर पाहताना भोवळ येऊ शकते. म्हणून बसून किंवा आधार धरून पाहावे. मंदिराकडे जाताना पायऱ्या आधी उतराव्या लागतात, चढ परतीच्या वेळी येतो. उतरताना भार गुडघ्यांवर पडतो, चढताना हृदयावर. आपली शक्ती परतीसाठी राखून ठेवावी. डोली करण्यात संकोच नसावा. छातीत दाटल्यासारखे वाटल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. लघवी वाढविणारी गोळी प्रवासासाठी परस्पर बंद करू नये. तिची वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी.

सोबत्यांनी उतरताना एक पायरी पुढे आणि चढताना एक पायरी मागे राहावे. ओढू नये, हात द्यावा.

पावसाळ्यात वाटा निसरड्या असतात आणि महाशिवरात्रीस गर्दी. हिवाळ्यातील आडवारची सकाळ उत्तम. शेकरूस खाऊ घालू नये, त्याचे रानफळांवर भागते. आपण फक्त बसावे आणि वर पाहावे.